शुल्कानंतरचे साहाय्य
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात चिटगुप्पा येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी संस्थेची स्तुती करावी, दात्यांची नावे घ्यावी आणि आशीर्वाद देऊन खाली बसावे अशी रीत आहे. स्तुती आपल्या न्यासाने मिळविलेलीच आहे आणि ती माझ्याआधी बोलणाऱ्यांनी माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत केली आहे. मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांना पुष्कळ वर्षे शिकविले. त्या अनुभवाच्या बळावर एक मागणी आपणांपुढे ठेवण्यासाठी उभा आहे. या महोत्सवानिमित्त जो निधी जमला आहे त्याचे काय करावे याचा विचार विश्वस्त मंडळी करीत आहेत. सभागृह बांधावे असे काहींचे मत आहे, प्रवेशद्वाराची कमान उभारावी असेही मत आहे. माझी विनंती अशी की, त्या निधीतून अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींसाठी एक साहाय्य केंद्र सुरू करावे. असे का म्हणतो ते थोडक्यात सांगतो.

शिकणाऱ्याच्या पोटापाण्याची आणि निवाऱ्याची काळजी गावाने घ्यावयाची, ही गोष्ट आपल्या भागास नवी नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठाण्याला, बिदरला, महमूद गवानाचा मदरसा उभा आहे. इराणातील गिलानहून व्यापारी म्हणून आलेला हा गृहस्थ बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला आणि १४७२ साली त्याने ही तीन मजली वास्तू पुरी केली. तेथे व्याख्यानाचे दालन होते, ग्रंथालय होते, मशीद होती. आणि त्यांच्याबरोबरच विद्यार्थ्यांना व अध्यापकांना राहावयाच्या खोल्या होत्या. मुलाला नुसते वर्गात बसवून भागत नाही, त्याच्या झोपण्याची व जेवणाची सोय लावावी लागते, हे त्या बांधणाऱ्याने साडेपाचशे वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, बसवण्णांच्या कल्याणात कायक आणि दासोह हे दोन शब्द रूढ झाले. स्वतःच्या श्रमाने मिळवावे ते कायक, आणि मिळविलेले समाजापुढे नम्रपणे ठेवावे तो दासोह. दानात देणाऱ्याचा हात वर असतो. दासोहात देणारा स्वतःला सेवक समजतो. हा भेद आज मी जे बोलणार आहे त्याच्या मुळाशी आहे, म्हणून तो प्रथमच सांगून ठेवला.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. निजामी राजवटीत या मुलखातील मुलास पुढे शिकावयाचे म्हटले की हैदराबादची वाट धरावी लागे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले आणि तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरात मराठी किंवा कानडी, बाजारात दख्खनी आणि विद्यापीठात ग्रांथिक उर्दू, असा तो प्रवास होता. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. त्यानंतर दारे हळूहळू उघडत गेली. १९५८ साली गुलबर्ग्यास अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच आज पूज्य दोड्डप्पा अप्पांच्या नावाने ओळखले जाते. १९८० साली बिदरला गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, त्यापाठोपाठ भालकीस. २०१३ पासून राज्यघटनेच्या ३७१ (जे) या कलमान्वये आपल्या भागातील शिक्षणसंस्थांत स्थानिकांसाठी ७० टक्के आणि राज्यात इतरत्र ८ टक्के जागा राखून ठेवण्यात येऊ लागल्या. २०१७ साली बिदर-कलबुर्गी लोहमार्ग पुरा झाला आणि हुमनाबादेहून गाडी मिळू लागली. जागा आहेत, कायद्याचे पाठबळ आहे, गाडीही आहे. मग अडते कोठे?

अडते ते प्रवेश मिळाल्यानंतर. पहिल्या सहा महिन्यांत काय घडते ते मी जवळून पाहिले आहे. मुलगा दहावीपर्यंत मराठी किंवा कानडी शाळेत शिकलेला असतो. विज्ञान त्यास येत नाही असे मुळीच नाही. जड दगड हलवावयाचा तर पहारेचे टोक लांब धरावे, हे त्याच्या हाताला लहानपणापासून ठाऊक असते. शाळेत तो 'बलाचे आघूर्ण' शिकतो. 'बल' हा शब्द तर कानडीतही तोच आहे. महाविद्यालयात गेल्यावर तीच गोष्ट 'मोमेंट' या नावाने त्याच्यापुढे येते, आणि तास संपेपर्यंत आपल्याला माहीत असलेलीच गोष्ट चालली आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. शंका विचारावी तर इंग्रजी वाक्य जुळत नाही. चुकले तर वर्ग हसेल या भीतीने तो मागच्या बाकावर जाऊन बसतो.

दुसरा विषय आरेखनाचा. ज्याने आयुष्यात यंत्राचा नकाशा पाहिला नाही त्यास एकाच वस्तूचे समोरून, वरून व बाजूने दिसणारे रूप कागदावर वा संगणकाच्या पडद्यावर उतरवावयाचे असते. ही दृष्टी जन्मतः येत नाही, ती लाकडाचे ठोकळे हातात घेऊन कमवावी लागते. हे ठोकळे हातात देणारा कोणी भेटला तर पंधरा दिवसांत मुलगा तयार होतो. न भेटला तर वर्ष जाते. तिसरा विषय गणिताचा, आणि त्याची कथाही फारशी वेगळी नाही. सत्र संपते, दोन-तीन विषय राहतात. त्यांना मुले 'बॅक' म्हणतात. राहिलेल्या विषयांची संख्या ठरावीक मर्यादेबाहेर गेली की पुढच्या वर्षात जाता येत नाही. मग घरी काय सांगावे हा प्रश्न येतो. घरी तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटून झालेले असतात!

मित्रहो, येथे बोलताना मला शब्द जपून वापरावे लागतात. अपयश लपवून ठेवण्याच्या धडपडीत कोणी गावी परत येऊन गप्प बसतो, कोणी नोकरी शोधतो, आणि गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या नामवंत संस्थांतूनही मुलांनी जीव दिल्याच्या वार्ता आपण वाचल्या आहेत. न्यासाने अशा मुलाचे शुल्क वेळेवर भरलेले असते. पावती फाईलीत असते. आपले काम झाले असे आपल्याला वाटते. पण मुलगा बुडत असतो तो शुल्क भरल्यानंतरच्या पाण्यात.

आता ज्यांनी ही वाट तुडविली आणि मागून येणाऱ्यांसाठी ती सोपी केली अशा काहींची उदाहरणे देतो. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झाले. २०२२ साली त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या महाविद्यालयाचे सर्वांत कीर्तिमान विद्यार्थी म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. लहानपणी पितृछत्र हरपलेले. बंगळूरला शिकताना शिकवण्या करून त्यांनी गुजराण केली. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली म्हणून ते पुण्यास येऊ शकले आणि १८८३ साली परीक्षेत पहिले आले. नोकरी त्यांनी मुंबई इलाख्याची केली. १९०८ च्या सप्टेंबरात मुसा नदीच्या पुराने हैदराबाद शहराचा घात केला, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांनाच बोलाविले. शहराला पुरापासून वाचविणारे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय त्यांच्या योजनेतून पुढे झाले. विचार करा, पैसा म्हैसूरचा, शिक्षण पुण्याचे, नोकरी मुंबईची आणि उपकार हैदराबादवर! ज्या अधिकाऱ्याने त्या शिष्यवृत्तीच्या कागदावर सही केली असेल, त्याला यांतले काहीही दिसले नसेल. विद्यार्थ्याला केलेले साहाय्य सीमा ओळखत नाही. सीमेवर राहणाऱ्या आपण लोकांनी तरी हे विसरू नये.

त्याच महाविद्यालयातील दुसरे उदाहरण लीला पूनावाला यांचे. हैदराबाद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दख्खनचे हैदराबाद येते. यांचा जन्म १९४४ साली सिंधमधील हैदराबादचा. वडील लहानपणीच वारले आणि फाळणीनंतर कुटुंब निर्वासित म्हणून पुण्यास आले. हाती काही नव्हते. अशा घरातील मुलगी यंत्र अभियांत्रिकी शिकावयास गेली आणि १९६७ साली ती पदवी घेणारी त्या महाविद्यालयातील पहिली स्त्री ठरली. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागून त्या पुढे आल्फा लाव्हाल या कंपनीच्या भारतातील प्रमुख झाल्या. १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथपर्यंतची कथा कर्तृत्वाची आहे आणि अशा कथा आपण अनेक ऐकतो. माझा रोख पुढच्या भागावर आहे.

१९९०-२००० या दशकाच्या मध्यास त्यांनी व त्यांच्या यजमानांनी स्वतःच्या नावाचा न्यास काढला. गुणवान पण गरीब घरच्या मुलींना उच्च शिक्षणासाठी, विशेषतः अभियांत्रिकीसाठी, शिष्यवृत्ती द्यावयाची हे त्याचे काम. निधीसाठी त्यांनी आपल्या संग्रहातील साड्यांचा लिलाव केला. बायकांच्या दृष्टीने हा त्याग केवढा, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको! परंतु त्या न्यासाची खरी शिकवण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. अर्ज आला की मुलीची मुलाखत घेतात, घरी जाऊन परिस्थिती पाहतात. शिष्यवृत्ती मिळाल्यावर मुलीला सोडून देत नाहीत. इंग्रजी बोलणे, चार लोकांपुढे उभे राहणे, मुलाखतीस सामोरे जाणे यांचे वर्ग घेतात. आणि ज्या मुली शिकून नोकरीला लागल्या त्या मागून येणाऱ्या मुलींना हात देतात. पदवीच्या वर्गात आजूबाजूला एकही मुलगी नसताना बसणे म्हणजे काय, हे त्या बाईंनी स्वतः सोसले होते. म्हणून पैशापलीकडे काय द्यावे लागते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तिसरे उदाहरण आपल्याच राज्यातील. नंदन निलेकणी हे शाळेची शेवटची वर्षे व पुढचे शिक्षण धारवाडला करून १९७३ साली मुंबईस पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत दाखल झाले आणि १९७८ साली विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. त्या संस्थेशी आलेल्या संबंधाला ५० वर्षे झाली म्हणून २०२३ च्या जूनमध्ये त्यांनी संस्थेस ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरता ही रक्कम ४०० कोटी होते. एवढे आकडे ऐकून आपण हबकून जाऊ नये. त्यांच्या आधीच्या देणगीतून जी कामे झाली त्यांत विद्यार्थ्यांची नवी वसतिगृहे होती, हे मला आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. ज्या वसतिगृहात आपण वाढलो, तशी खोली पुढच्या मुलाला मिळावी, ही ती भावना आहे. रक्कम कोटीची असो की शंभराची, भावना तीच.

या तिघांकडून आपण काय घ्यावे? माझ्या मते एवढेच की, पैशाच्या जोडीला वाट माहीत असलेला माणूस हवा. बिदरजवळ नौबादचा कारेझ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बहामनी काळात जांभा दगड कोरून जमिनीखालून पाणी शहराकडे नेले. त्या भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी उभी तोंडे ठेवलेली आहेत. हवा आत जावी, प्रकाश जावा आणि गाळ साचला तर माणसाने उतरून काढावा, यासाठी ती आहेत. ती तोंडे बुजली आणि कारेझ शेकडो वर्षे मुका पडला. पाणी आटले म्हणून नव्हे, गाळ काढणारे राहिले नाहीत म्हणून! आपण भरतो ते शुल्क हे त्या भुयारातले पाणी आहे. साहाय्य केंद्र म्हणजे त्यावरची उघडी तोंडे.

हे केंद्र कसे असावे, हे आता व्यवहाराच्या भाषेत सांगतो. आरंभी दोन खोल्या पुरेत. एका खोलीत आठ-दहा टेबले, पहिल्या दोन वर्षांची पाठ्यपुस्तके, चार संगणक आणि आरेखन शिकविण्याचे लाकडी ठोकळे. दुसऱ्या खोलीत बोलावयास निवांत जागा. बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंतचे जे दिवस मुले रिकामे घालवितात, त्या दिवसांत त्यांचा सहा आठवड्यांचा वर्ग घ्यावा. त्यात गणिताची उजळणी, आरेखनाची ओळख आणि मराठी-कानडी पारिभाषिक शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द जोडण्याचे काम व्हावे. विद्यार्थ्याच्या हाती तीन रकान्यांची वही असावी: बल, बल, फोर्स. एवढी एक वही किती मुलांचे वर्ष वाचवील याची आपणांस कल्पना नाही.

प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांसाठी नाडकचेरीत आणि पुढे साहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. कोणता दाखला कोठे व केव्हा मागावयाचा, ३७१ (जे) चा दाखला कोणाला मिळतो, हे सांगणारा एक माणूस केंद्रात ठरावीक दिवशी बसावा. महाराष्ट्रातील प्रवेशनियमांत सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषिक मुलांसाठी तरतूद आहे. ती यादीही त्याच्याजवळ असावी आणि ज्याचे गाव तीत असेल त्यास त्याने वेळेवर सांगावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कलबुर्गी, बिदर, भालकी, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामागे, त्याच शाखेतून पार पडलेला एक वडील भाऊ किंवा वडील बहीण न्यासाने नेमून द्यावी. महिन्यातून दोनदा त्याने फोन करावा. 'अभ्यास कसा चालला आहे?' असे विचारू नये. त्यास सगळे 'बरा' असेच उत्तर देतात. 'जेवणाची सोय कशी आहे? कोणता तास कळत नाही? रात्री झोप लागते काय?' असे विचारावे. एखादा विषय राहिला तर तो घरी कळविण्याच्या वेळी मुलाच्या बाजूने बोलणारा कोणी असावा. आपल्या न्यासाने ५० वर्षांत जी मुले शिकविली, ती आज अभियंते म्हणून ठिकठिकाणी आहेत. त्यांच्याकडे आपण देणगीपुस्तके पाठवितो. यापुढे त्यांच्याकडे पैसे मागण्यापूर्वी महिन्याचा एक तास मागावा. तास देणारा पैसे आपण होऊन देतो, असा माझा अनुभव आहे.

आता शंका. पहिली अशी की, इतके अभियंते बेकार असताना आणखी कशाला? शंका रास्त आहे. पण बेकार राहणाऱ्यांत फार मोठा भाग अशांचा असतो की ज्यांनी पाठांतर करून विषय काढले आणि ज्यांना दोन वाक्ये धीटपणे बोलता येत नाहीत. हेच तर केंद्राने सुधारावयाचे आहे. आणि ज्याची ओढ या शिक्षणाकडे नाही, त्यास आयटीआयची किंवा अन्य वाट दाखविणे हेही केंद्राचेच काम राहील. दुसरी शंका अशी की, शिकलेली मुले बाहेर जातात, गावास त्यांचा काय उपयोग? विश्वेश्वरय्यांची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली. मूल परत आलेच पाहिजे अशी अट घालून दिलेले साहाय्य हे वेठबिगारीचे दुसरे नाव आहे. तिसरी शंका उघडपणे कोणी बोलत नाही, पण ती मनात असते: हे केंद्र कोणाच्या मुलांसाठी? माझे उत्तर स्पष्ट आहे. चिटगुप्प्याच्या पेठेत मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू एकाच दुकानावर ऐकू येतात. या चारही भाषांच्या घरांतील मुलगा पहिल्या वर्षाच्या वर्गात त्याच मागच्या बाकावर बसलेला मी पाहिला आहे. बाक एक असेल तर दारही एकच असावे. आणि मुलींसाठी ते दार अधिक रुंद असावे. कारण मुलाचे एक वर्ष गेले तर घर त्यास आणखी एक संधी देते, मुलीचे वर्ष गेले तर बहुधा तिचे लग्न ठरते.

विश्वस्तांस दोन नियम सुचवितो. जे साहाय्य दिले जाईल त्यास व्याज नसावे, तारण नसावे, आणि मुलाचे छायाचित्र काढून फलकावर लावण्याची अटही नसावी. गरिबीचे प्रदर्शन मांडून घेतलेली मदत आयुष्यभर सलते. दुसरा नियम असा की, ज्यास परतफेड करावयाची असेल त्याने ती न्यासाला न करता मागून येणाऱ्या एका विद्यार्थ्याला करावी. दासोहाची रीत हीच आहे.

सभागृह नको असे माझे म्हणणे नाही. लग्नकार्याला, व्याख्यानाला सभागृह लागते आणि ते यथावकाश होईल. परंतु यंदा आपल्या गावातील काही मुले व मुली अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गात जाऊन बसतील. त्यांच्यासाठी कमान थांबू शकते. ती मुले मात्र कमानीसाठी थांबू शकत नाहीत. विश्वस्त मंडळींनी येत्या बैठकीत एवढा ठराव करावा, आणि त्या दोन खोल्यांपैकी एकीच्या किल्ल्या ज्या दिवशी मला सांभाळावयास द्याल, त्या दिवशी मी आठवड्याचे दोन दिवस तेथे येऊन बसेन, असे या सभेपुढे वचन देतो.